विश्लेषण : संगणकातल्या वाघाचा रंग खरा कधी वाटतो? ब्रह्मपुरीच्या खोट्या व्हिडीओमागचं रंगांचं गणित

चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरीत वन विभागाच्या विश्रामगृहासमोर बसलेल्या माणसावर वाघ झडप घालतो आणि त्याला ओढून नेतो, असा सीसीटीव्हीसारखा दिसणारा एक व्हिडीओ नोव्हेंबर २०२५ मध्ये देशभर फिरला. अशी कोणतीही घटना घडलेली नाही आणि हा व्हिडीओ कृत्रिम बुद्धिमत्तेनं, म्हणजे एआयनं तयार केलेला आहे, असं वन विभागानं स्पष्ट केलं. तोपर्यंत तो असंख्य ग्रुपवर पोहोचला होता. त्याच सुमारास पेंचच्या परिसरात एक माणूस वाघाला कुरवाळून दारू पाजतोय, असा आणखी एक व्हिडीओ गाजला. तोही खोटाच निघाला.

अनेकांना हे व्हिडीओ खरे वाटले, त्याचं एक कारण उघड आहे. चंद्रपूर आणि गडचिरोलीत वाघाचे हल्ले खरोखर होतात. दुसरं कारण तांत्रिक आहे. संगणकानं तयार केलेला वाघ आज रंगानं फारसा खटकत नाही. पंधरा वर्षांपूर्वी तसा वाघ पडद्यावर आणण्यासाठी शेकडो लोकांना महिनोन्‌महिने काम करावं लागायचं. हा रंग इतका अवघड का होता आणि आता तो खोट्या व्हिडीओत इतक्या सहज कसा येतो, हे समजून घेऊ.

वाघाचा खरा रंग कोणता?

प्रश्न सोपा वाटतो. उत्तर केशरी, काळा आणि पांढरा. पण ताडोबात एकाच सकाळी एकाच वाघाचे फोटो दोन मोबाइलवर काढले, तर दोन वेगळे केशरी रंग मिळतात. प्रत्येक मोबाइल उजेडाचा अंदाज बांधून ‘पांढरं म्हणजे काय’ हे स्वतःच ठरवतो आणि बाकीचे रंग त्यानुसार सरकवतो.

शिवाय उजेडही एकसारखा नसतो. उघड्या माळावर थेट ऊन असतं. सावलीत निळ्या आकाशाचा उजेड जास्त असतो. बांबू आणि सागाच्या दाट पानांतून गाळून येणारा उजेड हिरवट असतो. वाघाच्या पोटाकडचा पांढरा भाग खालच्या मातीचा किंवा वाळक्या गवताचा रंग उचलतो. म्हणजे ‘पांढरं’ पोट प्रत्यक्षात कधी पिवळट, तर कधी हिरवट असतं. आपला मेंदू हे फरक आपोआप वजा करतो, म्हणून आपल्याला ते पांढरंच दिसतं. संगणकाला हे आपोआप जमत नाही.

तिन्हीसांजेला तर गोष्ट आणखी बदलते. उजेड कमी झाला की डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी मागे पडतात आणि फक्त उजेड-अंधार ओळखणाऱ्या पेशी काम करू लागतात. लाल आणि केशरी रंग लवकर काळवंडतात. म्हणून संध्याकाळी रस्ता ओलांडणारा वाघ भडक केशरी दिसत नाही. तो करडा, मातकट दिसतो. सिनेमात संध्याकाळचा वाघ दाखवताना रंग मुद्दाम उतरवावा लागतो.

आणि हा ‘खरा’ रंग नेमका कोणाच्या डोळ्याला खरा? माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी असतात. चितळ, सांबर यांच्या डोळ्यात दोनच. त्यांना लाल-केशरी आणि हिरवा यांत फरक करता येत नाही. ब्रिटनमधल्या ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये संगणकाच्या मदतीनं हेच तपासलं. जी केशरी कातडी आपल्याला दुरून उठून दिसते, ती हरणासारखी दृष्टी असणाऱ्या प्राण्याला झाडीत मिसळलेली दिसते. म्हणजे जंगलातला वाघ त्याच्या शिकारीसाठी जवळपास हिरवाच असतो.

संगणक रंग कसा ‘मोजतो’?

ॲनिमेशनमध्ये प्राण्याचा त्रिमितीय सांगाडा, कातडी आणि केस तयार झाले की शेवटचं मोठं काम उरतं, ते म्हणजे रेंडरिंग. दृश्यात दिवे कुठे आहेत, त्यांचा उजेड कशावर आपटतो, किती शोषला जातो आणि किती परत फिरून कॅमेऱ्यात येतो, याचा हिशेब संगणक प्रत्येक ठिपक्यासाठी करतो. या हिशेबाचं मूळ समीकरण अमेरिकी संशोधक जेम्स काजिया यांनी १९८६ मध्ये मांडलं. पानावरून परावर्तित झालेला हिरवा उजेड वाघाच्या अंगावर पडतो, ही गोष्ट याच हिशेबातून येते. जुन्या ॲनिमेशनमध्ये हा हिशेब टाळला जायचा. त्यामुळे प्राणी जंगलात असूनही वरून चिकटवल्यासारखा दिसायचा.

पण समीकरण बरोबर असूनही रंग चुकू शकतो. त्याचे सापळे प्रामुख्यानं तीन.

पहिला सापळा : पडद्यावरचे आकडे म्हणजे उजेड नव्हे

मोबाइल किंवा संगणकाच्या पडद्यावर प्रत्येक ठिपक्याचा लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे असतात, प्रत्येक ० ते २५५ मध्ये. ११८ आकड्याचा करडा रंग हा २५५च्या जवळपास निम्मा, म्हणून तो निम्मा उजेड असं वाटू शकतं. तसं नसतं. प्रचलित एसआरजीबी पद्धतीत ११८ म्हणजे पूर्ण पांढऱ्याच्या फक्त १८ टक्के उजेड. आपला डोळा अंधाऱ्या छटांमधले बारीक फरक जास्त ओळखतो, म्हणून आकड्यांचा मोठा वाटा अंधाऱ्या भागाला दिलेला असतो.

आता समजा, त्या करड्या वस्तूवर पहिल्याइतकाच दुसरा दिवा लावला. उजेड दुप्पट, म्हणजे ३६ टक्के झाला. पडद्यावरचा बरोबर आकडा १६२ येतो. पण एखाद्यानं थेट ११८ आणि ११८ यांची बेरीज करून २३६ लिहिले, तर तो जवळपास ८४ टक्के उजेड होतो. दोन दिव्यांच्या उजेडात वस्तू पांढरीफटक दिसते.

घरी ॲनिमेशन शिकणाऱ्यांची ही अगदी नेहमीची अडचण असते. कातडीचा फोटो आधी खऱ्या उजेडाच्या आकड्यांत बदलायचा, सगळा हिशेब त्यातच करायचा आणि शेवटी एकदाच पडद्याच्या आकड्यांत आणायचा, हा नियम पाळला नाही, तर रंग कुठेतरी बिघडतातच. मग दिवे कमी-जास्त करून ते झाकण्याचा प्रयत्न होतो आणि गुंता वाढतो.

दुसरा सापळा : उन्हातला केशरी पिवळा का होतो?

हा सापळा खास वाघासाठीच रचल्यासारखा आहे. समजा, सावलीत वाघाच्या केसांचा उजेड लाल ०.५०, हिरवा ०.२० आणि निळा ०.०५ असा आहे. हे आकडे उदाहरणापुरते. यांचं प्रमाण १० : ४ : १, म्हणजे केशरी. वाघ उन्हात आला आणि उजेड चौपट झाला. आकडे झाले २.००, ०.८० आणि ०.२०. प्रमाण तेच आहे, रंगही तोच आहे.

पण पडदा १ च्या पुढे जाऊ शकत नाही. लाल रंग १ वर कापला जातो. हिरवा ०.८० आणि निळा ०.२० तसेच राहतात. नवं प्रमाण १० : ८ : २. हा केशरी राहिलेला नाही, हा पिवळा आहे. म्हणून कच्च्या ॲनिमेशनमध्ये उन्हात चालणाऱ्या वाघाच्या पाठीवर लिंबासारखे पिवळे डाग दिसतात. हीच गत जाळाची, मावळत्या सूर्याची आणि पळसाच्या फुलांची होते.

यावर उपाय म्हणजे जास्तीचा उजेड सरळ कापण्याऐवजी हळूहळू दाबणं आणि उजेड वाढेल तसा रंग थोडा फिका करत नेणं. फोटोच्या जुन्या फिल्ममध्ये हे रसायनांमुळे आपोआप व्हायचं. ऑस्कर देणाऱ्या अमेरिकेतल्या अकॅडमीनं २०१४ च्या अखेरीस ‘एसेस’ नावाची पद्धत अधिकृतपणे आणली. वेगवेगळे कॅमेरे, स्टुडिओ आणि पडदे यांना रंगांची एक समान भाषा मिळावी हा तिचा हेतू. फुकट मिळणाऱ्या ‘ब्लेंडर’ सॉफ्टवेअरमध्ये २०१७ साली ‘फिल्मिक’ आणि २०२३ साली ‘एजीएक्स’ ही सोय आली, ती याच दुखण्यावर. आज चंद्रपूर किंवा गडचिरोलीत घरी बसून ॲनिमेशन शिकणाऱ्याला ब्लेंडरमध्ये ही सोय एक पैसा न देता मिळते.

तिसरा सापळा : केस म्हणजे कातडी नव्हे

वाघाच्या अंगावर रंगाचा थर दिलेला नसतो. प्रत्येक केस अर्धपारदर्शक असतो. उजेड त्याच्यावरून परततो, आत शिरतो, आरपार जातो आणि शेजारच्या केसात शिरतो. माणसाच्या केसांतून उजेड कसा प्रवास करतो, याचं नेमकं गणित २००३ मध्ये स्टीव्ह मार्शनर आणि सहकाऱ्यांनी मांडलं. पण प्राण्यांच्या केसांचा गाभा माणसाच्या केसांपेक्षा बराच जाड असतो आणि तो उजेड आतच विखुरतो. त्याचा हिशेब करणारं प्रारूप २०१५ मध्ये आलं. माणसाचं गणित वाघाला लावलं, तर त्याचे केस तेल लावल्यासारखे चकचकीत आणि काळपट दिसतात. प्राण्याच्या केसांचा तो मऊ, धुरकट उजळपणा येत नाही.

मोठ्या स्टुडिओंनी हे कसं सोडवलं?

मुख्य उपाय जुनाच आहे, तो म्हणजे खऱ्याशी ताडून पाहणं. चित्रीकरणाच्या जागी करडा गोळा, आरशासारखा गोळा आणि २४ ठरावीक रंगांच्या चौकटींचा तक्ता ठेवून फोटो काढतात. आरशाच्या गोळ्यात चारही बाजूंचा उजेड टिपला जातो. करड्या गोळ्यावरून उजेडाचा रंग कळतो आणि तक्त्यावरून कॅमेऱ्याचा खोटेपणा मोजता येतो. मग संगणकातही तसाच गोळा आणि तसाच तक्ता ठेवतात. ते दोन्ही जुळले, की त्यानंतरच वाघाला हात लावतात.

‘लाइफ ऑफ पाय’ (२०१२) मधला रिचर्ड पार्कर हा वाघ बहुतांश दृश्यांत संगणकातला आहे, मोजक्या दृश्यांत खरा. खऱ्या वाघाच्या शेजारच्याच दृश्यात खोटा वाघ येणार असल्यानं रंगात चूक लपवायला जागाच नव्हती. हे काम करणाऱ्या ‘रिदम अँड ह्यूज’ कंपनीचे स्टुडिओ मुंबई आणि हैदराबादमध्येही होते. फेब्रुवारी २०१३ मध्ये या कामाला ऑस्कर मिळालं आणि त्याच महिन्यात कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली.

‘द जंगल बुक’ (२०१६) ची कथा मध्य प्रदेशातल्या सिवनीच्या जंगलात घडते. हे जंगल विदर्भाला लागूनच आहे. सिनेमा मात्र लॉस एंजेलिसमधल्या स्टुडिओत चित्रित झाला. पडद्यावरचं जंगल आणि प्राणी संगणकात घडवले. त्यात मोठा वाटा असलेल्या ‘एमपीसी’ कंपनीचा बंगळुरूमध्येही स्टुडिओ होता. तिच्या मूळ उद्योगसमूहाचा, ‘टेक्निकलर’चा कारभार २०२५ च्या सुरुवातीला कोसळला आणि भारतातल्या कर्मचाऱ्यांनाही त्याचा फटका बसला. अचूक रंग हा किती महागडा आणि बेभरवशाचा धंदा आहे, हे या दोन कंपन्यांवरून कळतं.

मग एआयला हे इतकं स्वस्तात कसं जमतं?

एआय यातलं काहीच करत नाही. ते दिवे मांडत नाही, केसांतून उजेड सोडत नाही, बेरीज-गुणाकारानं सावली काढत नाही. लाखो फोटो आणि व्हिडीओ पाहून ‘वाघ असला की ठिपके साधारण असे असतात’ एवढं ते शिकलेलं असतं. त्याचा रंग हिशेबातून येत नाही, सवयीतून येतो. आणि ही सवय इंटरनेटवरच्या फोटोंची आहे. वन्यजीव छायाचित्रं बहुतेकदा रंग खुलवूनच टाकली जातात. म्हणून एआयचा वाघ अनेकदा कॅलेंडरवरच्या वाघासारखा असतो.

इथेच सीसीटीव्हीचं सोंग कामाला येतं. अचूक रंग ही सगळ्यात अवघड परीक्षा असेल, तर सोपा मार्ग म्हणजे परीक्षेलाच न बसणं. सीसीटीव्हीचं चित्र मुळातच फिकं, धूसर आणि दाणेदार असतं. रात्रीचे बहुतेक कॅमेरे डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड उजेडावर चालतात, त्यामुळे त्यांत रंगच नसतो. केसांचा पोत, पोटावर पडलेला मातीचा रंग, उन्हातली पिवळी छटा हे सगळे पुरावे तिथे आपोआप गळून पडतात. खरा सीसीटीव्ही व्हिडीओ खराब असतो, म्हणून खराब व्हिडीओ खरा वाटतो.

उरलेलं काम मेसेजिंग ॲप करतात. व्हिडीओ लहान करताना उजेडाची माहिती प्रत्येक ठिपक्याची ठेवतात, पण रंगाची माहिती साधारणपणे चार ठिपक्यांत मिळून एकच. काळ्या-केशरी पट्ट्यांच्या कडा त्यामुळे एकमेकांत मिसळतात. पाच वेळा फॉरवर्ड झालेल्या व्हिडीओत खरा वाघ आणि खोटा वाघ दोघेही सारखेच मातकट झालेले असतात. त्यात मोबाइलचा पडदा ‘भडक’ सेटिंगवर असेल, तर दोघेही पुन्हा सारखेच केशरी होतात.

रंगावरून खोटा व्हिडीओ ओळखता येईल का?

फक्त रंगावरून नाही, आणि कोणी तसा दावा करत असेल तर सावध राहा. पण रंग काही चांगले प्रश्न उभे करतो.

ऋतू जुळतो का? चंद्रपूर-गडचिरोलीचं जंगल पानझडीचं आहे. साग उन्हाळ्यात ओका होतो, गवत वाळून पिवळं पडतं. ‘कालच्या मे महिन्यातला’ म्हणून आलेल्या व्हिडीओत मागे पावसाळ्यासारखं गच्च हिरवं रान असेल, तर काहीतरी गडबड आहे.

उजेड जुळतो का? वाघाची सावली आणि शेजारच्या माणसाची सावली एकाच बाजूला पडते का? माणूस पिवळ्या दिव्याखाली आणि वाघ मात्र दिवसाच्या उजेडात असल्यासारखा दिसतो का?

रात्रीच्या चित्रात रंग कुठून आला? माणसांचे कपडे करडे आणि वाघ तेवढा केशरी असेल, तर शंका घ्या. मात्र पांढऱ्या दिव्यावर रात्रीही रंगीत चित्र देणारे कॅमेरे आता बाजारात आहेत. त्यामुळे केवळ रात्रीचं रंगीत चित्र म्हणजे खोटं, असं नाही.

पट्टे टिकतात का? वन विभाग वाघ ओळखतो तो रंगावरून नव्हे, तर पट्ट्यांवरून. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात. वाघ वळल्यावर किंवा झाडाआडून बाहेर आल्यावर पट्टे बदलले, तर तो वाघ जंगलातला नाही.

यातली प्रत्येक खूण एआय सुधारत जाईल तशी पुसट होणार आहे, हेही लक्षात ठेवायला हवं.

कायदा काय म्हणतो?

ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्र सरकारनं माहिती तंत्रज्ञान नियमांत बदलाचा मसुदा आणला. एआयनं तयार केलेल्या चित्रावर किंवा व्हिडीओवर ठळक खूण असावी आणि तिनं किमान १० टक्के जागा व्यापावी, असं त्यात होतं. फेब्रुवारी २०२६ मध्ये अंतिम नियम आले. त्यात खुणेची सक्ती राहिली, १० टक्क्यांची अट गेली. बेकायदा मजकूर सरकार किंवा न्यायालयाच्या आदेशानंतर तीन तासांत हटवण्याची जबाबदारी कंपन्यांवर आली. पण ब्रह्मपुरीसारख्या व्हिडीओसाठी तीन तासही पुष्कळ होतात. शिवाय खूण कापून टाकलेला व्हिडीओ ग्रुपवर पुढे फिरत राहतो.

यात इथल्या लोकांचं काय पणाला लागतं?

१० मे २०२५ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन महिलांचा वाघाच्या हल्ल्यात मृत्यू झाला. मोहफुलं आणि तेंदूपत्ता हे इथल्या अनेक घरांचं उन्हाळ्यातलं रोख उत्पन्न आहे. त्यामुळे ‘वाघ दिसला’ हा निरोप म्हणजे त्या दिवशी रानात जायचं की नाही, मजुरी बुडवायची की नाही, हा निर्णय असतो. शहरातल्या माणसासाठी तो दहा सेकंदांचा थरार असतो.

खोट्या व्हिडीओचं नुकसान दोन्ही बाजूंनी होतं. एकीकडे नसलेल्या वाघाची भीती पसरते, वन कर्मचाऱ्यांवर लोकांचा राग निघतो आणि वाघाला मारून टाकण्याची मागणी जोर धरते. २०२२ च्या गणनेनुसार महाराष्ट्रात ४४४ वाघ आहेत आणि त्यांपैकी बरेच राखीव क्षेत्राबाहेर, गावांच्या आसपास वावरतात. तिथे अफवेला लगेच धार येते. दुसरीकडे, चार खोटे व्हिडीओ पाहिल्यावर पाचवा खरा इशाराही ‘एआय असेल’ म्हणून दुर्लक्षिला जातो. हे दुसरं नुकसान जास्त धोक्याचं आहे.

म्हणून असा व्हिडीओ आला, तर आधी तीन गोष्टी बघा. गाव, तारीख आणि वेळ दिलेली आहे का, वन विभागानं काही सांगितलं आहे का आणि स्थानिक बातमीदारानं दुजोरा दिला आहे का. यातलं काहीच नसेल, तर पुढे पाठवू नका. तुम्ही त्याच परिसरात राहत असाल, तर ग्रुपवर विचारण्याऐवजी वनरक्षकाला किंवा वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा. पडद्यावरचा रंग आता कितीही खरा दिसू शकतो. त्या ठिकाणी वाघ होता की नाही, हे मात्र मातीतला पगमार्क आणि तिथे जाऊन आलेला माणूसच सांगू शकतो.